पाण्याचं पद, बायांच्या बाजूनं

तिला माहीत असतं की नसतं, यावरून आमच्या गावात सोयरिकी मोडता मोडता राहिल्या आहेत.

तिला म्हणजे नाटकातल्या बाईला. आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की गावोगाव मंडई, म्हणजे आमची जत्रा, भरते, अन् मंडई म्हटलं की रात्री नाटक आलंच. त्यातलं एक जुनं संगीत नाटक आहे. नाव सांगत नाही. आमच्या भागातल्या माणसाला सांगायची गरज नाही, अन् बाहेरच्याला सांगून उपयोग नाही. दर दोन-तीन वर्षांनी कुठलं ना कुठलं मंडळ ते लावतंच. त्यातली मुख्य बाई नदीत डोंगा चालवणाऱ्याची बायको. तिसऱ्या अंकात तिचा नवरा बुडालेला असतो. दोन माणसं बातमी घेऊन तिच्या अंगणात येऊन उभी राहतात, पण त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. ती त्यांना बसा म्हणते, अन् नवरा आता येईल म्हणून त्याच्या आंघोळीचं कढत पाणी गंगाळात ओतत एक पद म्हणते. आम्ही त्याला पाण्याचं पद म्हणतो. पद संपतं, पाणी सांडतं, पडदा पडतो.

नाटकाच्या वहीत एवढंच लिहिलेलं आहे : पाणी सांडतं. कोण सांडतं, कसं सांडतं, काही नाही. लिहिणारा मरून गेला अन् भांडण आमच्यासाठी ठेवून गेला. पद म्हणताना तिला नवरा मेल्याचं माहीत असतं, का ती खरंच त्याची वाट पाहत असते? वहीत नाही. मग जी बाई हे काम करते ती आपल्या मतानं करते, अन् आम्ही बसून तिला तोलतो.

मी किती बायांचं पाण्याचं पद ऐकलं याचा हिशेब नाही. वरोऱ्याकडची एक आली होती, तिनं गंगाळात पाणीच घेतलं नाही. रिकाम्या गंगाळात लोटा ठणठण वाजत होता. माझा दोस्त, आता त्याचे सगळे दात गेले पण जीभ आहे तशीच आहे, तो मोठ्यानं म्हणाला, "हिचा नवरा नाई गेला गा, हिचा नळ गेला!" त्यानंतर त्या बाईचं कोणी ऐकलं नाही. गडचिरोलीकडच्या दुसरीनं दोन गुंड भरून खरं पाणी आणलं, घसरली, अन् तबलेवाल्याला आंघोळ घातली. तिला वन्स मोर मिळाला.

पण खऱ्या बाया दोनच. एक आरमोरीची अन् एक नागभीडची. नावं आम्ही घेत नाही. आरमोरीवाली, नागभीडवाली, बस.

आरमोरीवालीचा गळा म्हणजे गळा. पदात शेवटी "येतील" हा शब्द येतो. तो ती उचलायची अन् वरच्या सा वर नेऊन ठेवायची. ठेवायची म्हणजे ठेवायची, शिंक्यावर दुधाचं भांडं ठेवावं तसा. खाली पडत नव्हता, हलत नव्हता. तबलेवाला तेवढ्यात तोंड पुसून घ्यायचा. मग ती हसत मागं वळायची, त्या दोघांची खाली गेलेली मुंडकी पाहायची, पाय गंगाळाला लागायचा अन् पाणी सांडायचं. तोवर तिला काहीच माहीत नसायचं. कळलं तेव्हा कोसळली. सरळ काम. मला सरळ काम आवडतं.

नागभीडवालीचा आवाज बसका. वरच्या सा ला ती जातच नाही. "येतील" हा शब्द ती खाली आणते, गाते का बोलते कळत नाही, अन् मग स्वतःच्या हातानं गंगाळ हळूहळू कलतं करते. पाणी वाहत राहतं. चहाच्या हॉटेलात मी कितीदा सांगितलं असेल, "ज्याले झाडावर चढता येत नाई तो म्हन्ते खालचेच बोरं गोड." लोक हसायचे. माझं मत गावात चालायचं. मी चौथी शिकलेलो, पण ज्वानीत दंडारीत बाईचं काम केलेला माणूस आहे. लुगडं नेसून, पायात चाळ बांधून चार तालुके नाचलो. बाईचं मन काय असतं ते मला आतून माहीत आहे, असं मी म्हणायचो.

माझी बायको म्हणायची, "आतून नाई, लुगड्यातून."

ती नागभीडवालीच्या बाजूची. लग्न झालं त्याच्या दुसऱ्या मंडईपासून. तिला गाण्यातला सा कळत नव्हता अन् रे कळत नव्हता. तिचं एकच होतं : पाठ.

ते समजायला आमच्या गावची बसायची तऱ्हा सांगावी लागेल. शामियान्यात मधून दोर बांधतात. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया, खाली धानाची तणस. अर्गन वाजवणारा अन् तबलेवाला स्टेजच्या खाली, पुरुषांच्या बाजूला बसतात. पहिल्यापासून तिथंच बसतात, का ते कोणाला विचारलं नाही. गाणारीला अर्गनवाल्याकडे पाहून गावं लागतं. बातमी आणणारी दोन माणसंही त्याच बाजूनं येतात. म्हणून पाण्याच्या पदात बाईचं तोंड पुरुषांकडे अन् पाठ बायांकडे. दुसरीकडं बिना दोराची नाटकं होतात आता, खुर्च्या टाकतात, पण आमच्या मंडळानं दोर काढला नाही.

मंडईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरी परतताना आमचं भांडण व्हायचंच. ती म्हणायची,

"तुमची आरमोरीवाली समोरून रडते, मागून नुसती उभी राह्यते."

"पाठ काय रडते वो?"

"तुमी बायांच्या बाजूनं कवा पाह्यलं हाय?"

"मी दंडारीत स्वता बाई होतो!"

"बाई होते तवाबी बाप्याइकडंच तोंड करून नाचत होते."

मी म्हणायचो, "तिले मालूम नसते." ती म्हणायची, "मालूम असते. पहिल्या लोट्यापासून मालूम असते." घरापर्यंत तेच. चूल पेटेपर्यंत तेच. चाळीस वर्षं आम्ही यावर भांडलो अन् दोघंही एक बोट मागं सरलो नाही. दुसऱ्या कोणत्या गोष्टीवर आमचं एवढं टिकलं नाही.

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी मी तिला नागपूरला नेलं. पोटात दुखायचं, खाल्लेलं राहत नव्हतं. तपासण्या झाल्या. डॉक्टरनं मला एकट्याला आत बोलावलं. काय सांगितलं ते मी लिहीत नाही. पावसाळा पाहणार नाही, एवढं समजून घ्या. मी बाहेर आलो तेव्हा ती बाकावर बसून संत्रं सोलत होती.

"काय म्हन्ते डॉक्टर?"

"अल्सर हाय. तिखट बंद कर म्हन्ते."

"तिखट बंद? मंग जगून काय करू?" ती म्हणाली, अन् हसली. मीही हसलो. अर्धं संत्रं तिनं मला दिलं, मी खाल्लं. खोटं बोलायला मी कच्चा नाही. काम करायचं तर पुरतं करायचं, हे मी दंडारीतच शिकलो. पोरगा गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात आहे, त्याला तेवढं फोनवर सांगितलं अन् दम दिला, "तोंड उघडशील तं याद राख." गोळ्यांच्या डब्यावरचं नाव कोणी वाचू नये म्हणून मी कागद खरवडून काढला. दवाखान्याची फाईल धानाच्या कोठीमागं ठेवली. रोज सकाळी तिला म्हणायचो, "आज तोंडावर रंग दिसून राह्यला तुह्या." ती म्हणायची, "दिसन नाई तं काय, अल्सरच तं हाय."

त्या हिवाळ्यात तिनं चुलीपाशी बसायची बाजू बदलली. आधी ती दाराकडं तोंड करून बसायची. मी ओसरीवर असायचो, भाकर थापत थापत माझ्याशी भांडायची. आता ती भिंतीकडं तोंड करून बसायला लागली. म्हणाली, "धूर डोळ्यात जाते." मी वर चढून चुलीवरच्या छपराची दोन कवेलं सरकवली, धूर जायला वाट केली. धूर गेला. ती तशीच बसत राहिली. मला वाटलं, सवय लागली. आणखी एक खूळ तिनं काढलं : वरणात मीठ मीच टाकायचं, भात उतला का मीच पाहायचं. "मले आता चव समजत नाई, तुमी पाहा." मी कुरकुरत केलं. दोन महिन्यांत मला स्वयंपाक यायला लागला. मला वाटलं, बुढी आळशी झाली.

मग मंडई आली. मंडळानं माझ्या शब्दावर आरमोरीवालीची पार्टी बोलावली होती. बुढी ब्लँकेट गुंडाळून बायांच्या बाजूला, तिसऱ्या बांबूपाशी, तिच्या ठरलेल्या जागेवर बसली. आरमोरीवालीचं वय झालं, पण त्या दिवशी वरचा सा असा लागला की शामियान्याचं कापड थरथरलं म्हणा. तीन वन्स मोर. सकाळी घरी परतताना मी छाती काढून विचारलं,

"सांग आता. मालूम होतं का तिले?"

तिनं ब्लँकेट खांद्यावर ओढून घेतलं. मग म्हणाली, "नसन."

"काय?"

"नसन मालूम. तुमचंच खरं. नव्हतं मालूम तिले काही."

मी रस्त्यातच थांबलो. चाळीस वर्षांनी! तिला घरी सोडलं अन् सरळ हॉटेलात गेलो. जो बसला होता त्याला चहा पाजला. "हरली गा बुढी! आपल्या तोंडानं म्हनाली, तुमचंच खरं!" दोस्तानं दोन कप घेतले. मला एवढा आनंद झाला होता की दुपारपर्यंत मी डॉक्टरचं बोलणं विसरलो होतो.

वैशाखात ती गेली. आंबे पाडाला लागले होते. शेवटचे आठ दिवस बोलली नाही, डोळ्यांनी बोलायची. अन् मी शेवटपर्यंत कळू दिलं नाही. पोरगा, सून, सोयरे, सगळ्यांसमोर मी हे सांगत होतो. मी तिला एकही दिवस मरणाच्या भीतीत काढू दिला नाही. या एका गोष्टीवर मी उभा होतो. दुसरं काही उरलं नव्हतं.

तेरवीच्या दिवशी तिची मैत्रीण आली. बौद्धांच्या आळीत राहते, अंगणवाडीत मदतनीस होती, अन् जन्मभर शामियान्यात हिच्याच बाजूला बसणारी. ताट पुढं घेऊन रडता रडता सहज बोलून गेली, "सगळं आवरून गेली बाई."

आवरून.

शेतावर जाणारा माणूस घर आवरून जात नाही. गावाला जाणारा आवरून जातो. मी घरात फिरून पाहिलं. सुनेचं लुगडं वेगळं बांधलेलं. बी-बियाण्याचे डबे ओळीनं लावलेले, झाकणाला चिंधी. माझी स्वेटरं धुऊन ठेवलेली, भर उन्हाळ्यात. अन् मला वरण येत होतं.

मला दुःख नाही झालं, राग आला. तिला माहीत असेल तर मला का सांगितलं नाही? मी सहा महिने एकटा ते पोटात घेऊन फिरलो. कोठ्यात जाऊन बैलाच्या मानेवर डोकं ठेवून रडलो, अन् तोंड धुऊन आत आलो. ती बोलली असती तर दोघांनी मिळून रडलो असतो. अन् माहीत नसेल तर मग मी जिंकलो, माझं काम पुरतं झालं. दोन्हीपैकी एक काय ते मला हवं होतं. पावसाळाभर तेच डोक्यात. रोवणे झाले, निंदण झालं, कापणी झाली, डोक्यातलं गेलं नाही.

यंदा मंडळाची बैठक मारुतीच्या ओट्यावर बसली. कोणती पार्टी आणायची म्हणून सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "नागभीडवाली. अन् तेच नाटक."

दोस्त म्हणाला, "पार्टी बदलली का गा बुढ्या?"

"पार्टी नाई बदलली. तपासून पाहून राह्यलो."

"आता काय तपासतं? तुही बुढी तं हरून गेली."

"म्हनूनच," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या मैत्रिणीकडं गेलो. ती अंगणात लाखोळीची डाळ निवडत होती. मी आडवळण घेत नाही. उभ्या उभ्या विचारलं,

"बाई, तिले मालूम होतं का?"

तिनं मान वर केली नाही. "भाऊ, मले काऊन इचारता?"

"तुमी दोघी एकमेकीच्या पोटात राहत होत्या म्हनून."

"मी तिले वचन देल्लं हाय. काही सांगनार नाई."

"म्हन्जे सांगन्यासारखं हाय!"

"तसंबी सांगनार नाई." तिनं सूप झटकलं. मग म्हणाली, "तिसऱ्या बांबूपाशी तिची जागा खाली हाय. बायांनी ठरवलं, यंदा तिथी कोनी बसनार नाई. तुमी येऊन बसा."

"मी? बायांत?"

"दंडारीत नाई का बाई होते? आता एक डाव बायांच्या बाजूनंबी होऊन पाहा."

असं दोन्हीकडून मारणारं बोलणं मी फक्त एकीचंच ऐकलं होतं. ही तिच्याच शाळेतली.

मंडईच्या दिवशी मी दोराच्या पलीकडं गेलो तेव्हा आधी बाया हसल्या. एका सुनेनं विचारलं, "मामाजी, लुगडं देऊ का?" मी म्हणालो, "दंडारीतलं घरी हाय, आन ते." मग पुरुषांच्या बाजूनं दोस्ताचा आवाज आला, "पाहा गा, बुढा बायांत शिरला! आता याले चूल फुकाले लावा!" मी म्हणालो, "चूल येते मले. तुले येते का?" अन् तिच्या जागेवर जाऊन बसलो. तणस तिथं दाबलेली होती. मैत्रिणीनं तिचंच ब्लँकेट आणलं होतं. ते माझ्या घरून कधी गेलं, मला माहीत नाही.

दोन अंक मी काही पाहिलं नाही. बायांच्या बाजूला चिवडा फार असतो, तेवढं कळलं.

तिसरा अंक लागला. दोन माणसं आली, पुरुषांच्या बाजूला उभी राहिली. नागभीडवाली त्यांच्याकडं वळली, म्हणजे आमच्याकडं तिची पाठ. अर्गननं सूर दिला. तिनं पहिला लोटा ओतला.

समोर पुरुषांच्या बाजूचे चेहरे मला दिसत होते. ते हसत होते, कारण ती त्या दोघांची थट्टा करत होती. "मुके झाले का, माह्या मालकानं जीभ बुडवली का तुमची," असं काहीतरी, अन् पुन्हा गाणं. मला तिचं तोंड दिसत नव्हतं. नुसती पाठ. जुनं लुगडं, पदर कमरेला खोचलेला, मानेवर अंबाडा. मी मनात म्हणालो, पाठ आहे, पाठच आहे.

मग मी पाहिलं. ती पाणी ओतायला वाकायची, अन् वाकली की खांदे खाली यायचे, पार खाली, धानाचा भारा डोक्यावरून नुकता उतरवलेल्या बाईसारखे. आता तिला पुन्हा त्या दोघांकडं पाहून हसायचं असे. पण एकदम नाही. आधी पाठ ताठ व्हायची. कमरेपासून वरपर्यंत, एक एक करत. मानेपर्यंत ताठ झाली की मग ती तोंड वर करायची. अन् तोंड वर झालं की समोर पुरुष हसायचे. प्रत्येक लोट्याला तेच. खांदे खाली. मग ताठ. मग तोंड.

हे मी पाहिलेलं होतं. रोज पाहिलेलं होतं. भिंतीकडं तोंड करून ती चुलीपाशी बसलेली, मी ओसरीवरून म्हणायचो, झालं का वो, भूक लागली. अन् ती एकदम वळायची नाही. आधी पाठ ताठ व्हायची. मग वळायची, ताट हातात, तोंडावर हसू. "आलीच. उपाशी मरून राह्यले का?" सहा महिने मी ते पाहत होतो अन् कवेलं सरकवत होतो.

"येतील" हा शब्द आला. नागभीडवालीनं तो खाली ठेवला. पुरुषांच्या बाजूनं नेहमीसारखंच काही नाही. तिला कधी वन्स मोर मिळत नाही, मीच कधी दिला नव्हता. ती गंगाळाला हात घालणार, तेवढ्यात मी उभा राहिलो अन् ओरडलो, "वन्स मोर!"

सगळा शामियाना वळून पाहायला लागला. बायांच्या बाजूनं वन्स मोर कधी आलाच नव्हता. बाया वन्स मोर देत नाहीत, ती पुरुषांची चाल. अन् आमच्याकडं नेम असा, की ज्या बाजूनं वन्स मोर आला त्या बाजूला तोंड करून पद पुन्हा म्हणायचं. नागभीडवाली क्षणभर थांबली. अर्गनवाल्यानं मान हलवली, बघ बापा तूच. मग ती वळली.

तिचं तोंड मी पहिल्यांदा एवढ्या जवळून पाहिलं. वय झालेली, दात पानानं लाल, साधी बाई. ती आमच्याकडं पाहून हसत, थट्टा करत, पाणी ओतत गायली. त्या तोंडात काही नव्हतं. खरंच काही नव्हतं! एखाद्याची वाट पाहणाऱ्या बाईचं तोंड. मी इथं पहिल्यांदा तेवढंच पाहिलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं, हिला माहीत नाही. अन् पलीकडं, पुरुषांच्या बाजूला, जे दर पदाला शिट्या मारतात ते गप्प होत गेले. शेवटी तर खोकलाही नाही. मग तिनं गंगाळ कलतं केलं.

पडदा पडल्यावर मैत्रीण म्हणाली, "तोंडबी पाह्यलं आज. पन मले पाठच बरी."

मी विचारलं, "केव्हापासून?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. वचन आता मोडण्यासारखं उरलं नव्हतं. "नागपूरहून आले त्याच सांजेले सांगतलं मले. संत्रं सोलून राह्यली होती न ती? तुमी दारातून भाईर आले, अन् तुमचं तोंड पाह्यलं, अन् तिले समजलं."

"मंग बोलली काऊन नाई?"

"म्हने, बुढा एवढी मेहनत करून काम करून राह्यला, त्याचं काम कशाले खराब करू."

मला हसू आलं. डोळ्यांतून पाणी येत होतं अन् हसू येत होतं, बाजूच्या पोरीनं मला चिवडा दिला. चार तालुके नाचलेला माणूस मी. अन् माझ्या घरात माझ्यापेक्षा सरस काम करणारी होती, मला कळलंच नाही. माझं काम तिनं पहिल्याच प्रवेशात ओळखलं. तिचं काम मला वर्षभरानं, दुसऱ्या बाईच्या पाठीवरून कळलं. अन् मागच्या वर्षीचं ते "नसन, तुमचंच खरं"? तिनं मला वन्स मोर दिला होता. मी तो घेऊन गावभर चहा पाजला.

राग गेला. एकटा नव्हतो मी. दोघं होतो, भिंतीच्या दोन बाजूंना. आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, असं मी म्हणणार नाही. आम्ही दोघांनी आपापलं काम पुरतं केलं.

सकाळी हॉटेलात भांडण पेटलेलं होतं. मी जाईपर्यंत बाकावर जागा नव्हती. एक जण म्हणत होता, "वन्स मोरच्या वेळेस पाह्यलं तं मले वाटलं, तिले मालूम हाय गा." दुसरा म्हणे, "पहिल्या खेपेले नव्हतं मालूम, दुसऱ्या खेपेले झालं." "एकाच रातीत कसं बदलन बे?" "पाठ पाह्यली का तू तिची?" "पाठ कोन पाह्यते?" दोस्त मधेच बसून ऐकत होता. मला पाहिल्यावर म्हणाला,

"आला, बायातला पंच आला. सांग गा आता. मालूम असते का नाई?"

मी म्हणालो, "असते. पहिल्या लोट्यापासून."

"मागल्या वर्षी तं म्हनत होता..."

"मागल्या वर्षी मी चुकलो होतो. चाळीस वर्षं चुकलो होतो. माही बुढी बरोबर होती."

हॉटेलात गलका झाला. कोणी म्हणालं, मग मागच्या वर्षीचा चहा वापस कर. मी म्हणालो, तो तुम्ही प्यायला, तो गेला. आजचा घ्या, हा तिच्या नावानं. अन् हॉटेलवाल्याला सांगितलं, जो बसला आहे त्याला दे. दोस्तानं याही खेपेस दोन कप घेतले.

"गळा मात्र आरमोरीवालीचाच," मी म्हणालो. ते मी सोडणार नाही. "अन् मंडळाले सांगा, पुढल्या खेपेले अर्गन उचलून बायांच्या बाजूले ठेवा. बाप्यायनं आता पाठ पाहाव."

"मंग तू कुठी बसशील? आमच्यात येशील वापस?"

"नाई," मी म्हणालो. "तिसऱ्या बांबूपाशी. ते जागा माही हाय आता."